शिबिरे झाली, पाठपुराव्याचे काय?

नांदेड-लातूरमधील कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या सामाजिक उपक्रमांचा खरा कस कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी लागतो

- खास प्रतिनिधी, नांदेड

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी गरिबांसाठी काय करावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुतेक वेळा दिनदर्शिका पाहून दिले जाते. ९ नोव्हेंबरला राष्ट्रीय विधी सेवा दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन आणि १० डिसेंबरला मानवी हक्क दिन. या महिन्याभरात विधि महाविद्यालयांची आवारे गजबजतात. उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते, पथनाट्य बसविले जाते, प्रभातफेरी निघते आणि जवळच्या एखाद्या गावात कायदेविषयक जागृती शिबिर भरते. पाहुणे बोलतात, सरपंच आभार मानतात, छायाचित्र निघते. त्यानंतर विद्यार्थी परीक्षेच्या तयारीला लागतात आणि गाव आपल्या कामाला लागते.

हे उपक्रम निरर्थक आहेत, असे कोणी म्हणणार नाही. मात्र नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात त्यांच्याकडून अधिक अपेक्षा करण्यास सबळ कारण आहे. नांदेडचे नारायणराव चव्हाण विधि महाविद्यालय, लातूरचे दयानंद विधि महाविद्यालय यांसारख्या संस्था महानगरांतल्या विधि विद्यापीठांसारख्या समाजापासून दूर उभ्या नाहीत. कंधार, मुखेड, किनवट, औसा, निलंगा अशा तालुक्यांच्या मध्यभागी त्या आहेत. येथील वर्गात बसणाऱ्या अनेक मुलामुलींना गरिबी समजून घेण्यासाठी शिबिराला जावे लागत नाही. ती त्यांच्या घरातच असते. म्हणूनच प्रश्न विद्यार्थ्यांच्या तळमळीचा नसून त्या तळमळीला कोणते काम दिले जाते, याचा आहे.

कायद्यात मराठवाडाच लिहिलेला आहे

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम संसदेने १९८७ मध्ये संमत केला. त्याच्या बाराव्या कलमात मोफत वकील आणि कायदेशीर मदत कोणाला मिळेल, याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, महिला, बालके, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती हे घटक त्यात आहेतच. पण त्याच यादीत जातीय अत्याचार, पूर, दुष्काळ आणि भूकंप यांना बळी पडलेल्यांचाही स्वतंत्र उल्लेख आहे. या सर्वांना उत्पन्नाची अट नाही. ती अट इतरांसाठी आहे आणि महाराष्ट्रात ती वार्षिक ३ लाख रुपयांची आहे.

ही यादी वाचताना मराठवाड्याचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो. १९७८ मध्ये विद्यापीठ नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाल्यानंतर उसळलेल्या हिंसाचारात दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १० हजार जीव घेतले. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरात पाण्यावरून तंटे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचे १४४ कलम लावण्याची वेळ आली आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातुरात पोहोचली. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात पुराने माणसे दगावली, तर सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातील उभी पिके आणि शेतातील मातीही वाहून नेली. अत्याचार, भूकंप, दुष्काळ, पूर हे चारही शब्द कायद्यात आहेत आणि चारही या मातीत घडले आहेत.

येथे एक गोष्ट विसरता येत नाही. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा भूकंपग्रस्तांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क देणारा हा कायदा संमत होऊन सहा वर्षे लोटली होती. परंतु तो लागू झालेला नव्हता. त्याची अंमलबजावणी सुरू झाली ती ९ नोव्हेंबर १९९५ रोजी, म्हणजे भूकंपानंतर दोन वर्षांनी. आज आपण जो दिवस साजरा करतो, तो याच विलंबाचा शेवट आहे. कायदा असणे आणि तो माणसापर्यंत पोहोचणे यांतील अंतराचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

गरिबाचा दावा न्यायालयाआधीच हरतो

हे अंतर आजही नेमके कोठे आहे? सर्वसाधारण समज असा, की गरिबाला वकील परवडत नाही म्हणून न्याय मिळत नाही. ते अर्धसत्य आहे. ग्रामीण गरिबाची बहुसंख्य प्रकरणे न्यायालयाच्या पायरीपर्यंत जातच नाहीत. ती तलाठी सज्जा, तहसील कार्यालय, बँकेची शाखा आणि पोलीस ठाणे यांच्या दरम्यान कागदाअभावी संपतात.

शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या पत्नीचेच उदाहरण घेऊ. २००६ च्या शासन निर्णयानुसार अशा कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. पण त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. कुटुंबाच्या नावे जमीन आहे का, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते का, वसुलीचा तगादा होता का, हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. कर्ज गावातल्या विनापरवाना सावकाराचे असेल, तर नेमक्या सर्वाधिक अडलेल्या कुटुंबाचीच वाट बिकट होते. पुढे सातबाऱ्यावर वारस नोंद करायची असते. जमीन महसूल संहितेनुसार वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत देणे अपेक्षित असते. हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुले, मुली आणि मृताची आई या सर्व प्रथम वर्गाच्या वारस आहेत. परंतु दुःखात बुडालेल्या घरात हा कायदा सांगणार कोण? अनेकदा दिराने किंवा सासऱ्याने सांगितलेली नावेच फेरफारात चढतात. नाव नसले, की पीककर्ज नाही, पीकविमा नाही आणि अतिवृष्टीची भरपाईही नाही. एक नोंद चुकली, की चार योजनांची दारे बंद होतात.

त्यातच मराठवाड्याची आणखी एक अडचण आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे इनाम जमिनी, कुळांचे हक्क, जातीच्या नोंदी यांचे जुने पुरावे ज्या लिपीत आहेत, ती आजच्या पिढीला वाचता येत नाही. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमावी लागली, तेव्हा जुन्या दप्तरांचे मोल साऱ्या राज्याला कळले. भूमिहीनांना मात्र ते केव्हाच कळले होते. दलित-भटक्या कुटुंबांनी कसलेल्या गायरान जमिनी नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. पण १४ एप्रिल १९९० पूर्वीचा ताबा सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच आला. दंडाच्या पावत्या आणि पीकपाहणीच्या नोंदी जपून ठेवणारे तगले, इतरांचा हक्क विरून गेला. अ‍ॅड. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने मराठवाड्यात हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला, तो मोर्चांइतकाच कागदांच्या बळावर.

विद्यार्थी काय करू शकतात?

अ‍ॅडव्होकेट्स अधिनियम १९६१ नुसार न्यायालयात बाजू मांडण्याचा अधिकार केवळ नोंदणीकृत वकिलांना आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी अनुभवी वकिलाच्या देखरेखीखाली न्यायालयात उभे राहू शकतात. आपल्याकडे तशी मुभा नाही. ही मर्यादा दाखवून महाविद्यालये हात झटकतात. वस्तुतः गरिबाची जी लढाई न्यायालयाबाहेर हरली जाते, तिच्यात सनद लागतच नाही. अर्ज लिहिणे, त्याची पोच घेणे, माहितीच्या अधिकारात नक्कल मागविणे, फेरफारावर मुदतीत हरकत नोंदविणे, २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अपील करणे आणि खरोखर वकिलाची गरज असेल तेथे प्रकरण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पोहोचविणे ही सर्व कामे द्वितीय-तृतीय वर्षाचा विद्यार्थी करू शकतो.

त्यासाठी नवा कायदा नको. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधि शिक्षण नियमांनी प्रत्येक महाविद्यालयात ज्येष्ठ अध्यापकाच्या देखरेखीखाली विधी साहाय्य केंद्र बंधनकारक केले आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०११ च्या विनियमांनी विद्यार्थ्यांना गाव दत्तक घेण्याची आणि तेथील कायदेशीर प्रश्नांची पाहणी करण्याची वाट मोकळी केली आहे. तरतुदी आहेत; कमतरता आहे ती सातत्याची.

सातत्य का राहत नाही, याची कारणे व्यवस्थेत आहेत. मूल्यांकन समितीपुढे सादर करायच्या अहवालात ‘विस्तार कार्य’ या सदराखाली कार्यक्रमांची संख्या, उपस्थिती आणि छायाचित्रे लागतात. किती अर्ज निकाली निघाले, हे कोणी विचारत नाही. जे विचारले जात नाही, ते केलेही जात नाही. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकाने साहाय्य केंद्र चालवावे, अशी अपेक्षा ठेवायची आणि त्या वेळेचा मोबदला मात्र धरायचा नाही, हा दुसरा विरोधाभास. विद्यार्थीही अंशकालीन नोकरी सांभाळून शिकतात. तालुक्याला जाण्याचे एसटीचे भाडे त्यांनी खिशातून भरावे, असे म्हणणे सोपे असले तरी न्याय्य नाही. शिवाय तुकडी बदलली, की आधीच्या मुलांनी हाती घेतलेले प्रकरण कपाटात जाते. ज्या बाईने एकदा विश्वासाने कागद हाती दिले, तिला पुढच्या वर्षी कोणी ओळखत नाही. फुकटच्या सल्ल्याने कोणाचे काय बिघडते, असे म्हटले जाते. परंतु अर्धवट सोडलेल्या मदतीने मुदत टळते आणि हक्कही जातो. गरिबाला ही चूक परवडणारी नसते.

बातमीत येणाऱ्या आणि न येणाऱ्या गोष्टी

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २४ तासांत १२ नवजात बालकांसह २४ रुग्ण दगावले. देश हादरला आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायव्यवस्था जागी होऊ शकते, हे त्यातून दिसले. पण त्यासाठी मृत्यूंची संख्या बातमी होण्याइतकी मोठी असावी लागली. एकेकट्याने सोसलेल्या अन्यायाची स्वतःहून दखल कोणी घेत नाही. तेथे दखल घ्यायला गावाजवळ, नियमितपणे, कोणी तरी बसलेले असावे लागते.

मराठवाड्याच्या विद्यार्थ्यांना सामाजिक प्रश्न नवे नाहीत. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत निजामी राजवटीतील विद्यार्थ्यांनी शिक्षणावर पाणी सोडले, १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाचे नेतृत्व विद्यार्थ्यांनी केले आणि नामांतराच्या लढ्यातही ते अग्रभागी होते. त्या परंपरेचा अभिमान बाळगणे योग्यच. मात्र आंदोलनाचा विद्यार्थी आणि पाठपुराव्याचा विद्यार्थी यांत फरक आहे. पहिल्याला घोषणा लागते, दुसऱ्याला नोंदवही. आजची गरज दुसऱ्याची अधिक आहे.

उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक विधि महाविद्यालयाने वर्षाला दहा गावांत शिबिरे घेण्याऐवजी दोनच गावे निवडावीत आणि ती पाच वर्षे सोडू नयेत. आठवडी बाजाराच्या दिवशी ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी विद्यार्थ्यांनी बसावे. प्रत्येक प्रकरणाची नोंद व्हावी आणि जाणाऱ्या तुकडीने ती येणाऱ्या तुकडीच्या हाती लेखी सोपवावी. अध्यापकाचे हे काम त्याच्या तासिकांत धरावे आणि विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च विद्यापीठाने किंवा जिल्हा प्राधिकरणाने द्यावा. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आपल्या क्षेत्रातील विधि महाविद्यालयांकडून वर्षाअखेरीस एकच तक्ता मागवावा: किती अर्ज केले, किती निकाली निघाले, किती का अडले. असा तक्ता चार जिल्ह्यांतून आला, तर कोणत्या तहसीलमध्ये वारस नोंदी रखडतात आणि कोठे पुराची भरपाई अडते, हे जिल्हाधिकाऱ्यांनाही कळेल.

लातूरने शिक्षणात ‘लातूर पॅटर्न’ घडविला. सराव, चाचणी आणि पुन्हा सराव एवढेच त्याचे गुपित होते. ज्या जिल्ह्याने गुणवत्ता यादीसाठी ही चिकाटी दाखविली, त्याच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना एका विधवेच्या सातबाऱ्यासाठी ती दाखविणे अशक्य नाही. तसे झाले, तर पुढच्या ९ नोव्हेंबरला पाहुण्यांच्या भाषणाऐवजी वर्षभराच्या नोंदवहीचे वाचन करता येईल.