कँटरबरीचे दगड आणि कँटरबरीची प्रार्थना

फेब्रुवारी २०२४ मध्ये इंग्लंडमधील कँटरबरी कॅथेड्रलच्या मुख्य मंडपात दोन रात्री नृत्याचा कार्यक्रम झाला. तिकीट काढून आलेले लोक कानांना हेडफोन लावून १९९० च्या दशकातील गाण्यांवर नाचले. बाहेर काही ख्रिस्ती मंडळी निषेध म्हणून प्रार्थना करीत उभी होती. या प्रकाराचे समर्थन करणारे आपल्यातही भेटतात. ‘एवढी प्रचंड वास्तू सांभाळायची तर पैसा हवा, आणि लोक कसेही का होईना, आत आले म्हणजे झाले,’ असे ते म्हणतात. या युक्तिवादाचा समाचार घेणे मला अगत्याचे वाटते.

खर्च मोठा आहे, हे मान्य. मध्ययुगातही हा मंडप यात्रेकरूंनी गजबजलेला असे, हेही मान्य. परंतु ते यात्रेकरू निघाले होते कोठे? संत थॉमस बेकेट यांच्या समाधीकडे! २९ डिसेंबर ११७० च्या संध्याकाळी राजा दुसऱ्या हेन्रीच्या चार सरदारांनी आर्चबिशप थॉमस यांची याच ख्रिस्तमंदिरात हत्या केली. त्या वेळी मठवासी व्हेस्पर्सची स्तोत्रे गात होते. ख्रिस्तसभेचे अधिकार राजाच्या स्वाधीन करण्यास त्यांनी नकार दिला, हाच त्यांचा अपराध. आपल्याही उपासनावर्षात नाताळानंतरचा तो दिवस त्यांच्या स्मरणाचा आहे. गर्दी तेव्हाही होती. परंतु ती वेदीच्या ओढीने येत होती. वेदीकडे पाठ फिरवून केवळ गर्दीच जमवायची असेल, तर बाजारपेठ काय वाईट?

आपल्यातील दुसरा पक्ष म्हणतो, ‘ते मंदिर आपल्याकडून हिरावले गेले, आता तेथे काहीही होवो.’ १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने संत थॉमसची समाधी उद्ध्वस्त करून तिचे धन नेले आणि १५४० मध्ये तेथील बेनेडिक्टाइन मठ बंद पडला. ही जखम खरी आहे. पण पुढे काय घडले? १५४९ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाने जुन्या व्हेस्पर्स आणि कंप्लीन या प्रार्थनांतून ‘ईव्हनसाँग’ ही सायंप्रार्थना घडविली. मरियेचे स्तोत्र आणि शिमोनाचे स्तोत्र तिच्यात एकत्र आले. प्युरिटनांच्या अमदानीत त्या पुस्तकावर बंदी आली. १६६० मध्ये राजसत्ता परतल्यावर ती प्रार्थनाही परतली. आजही संध्याकाळी तेथे ही स्तोत्रे गायिली जातात. समाधीच्या रिकाम्या जागी एक मेणबत्ती तेवत असते. २९ मे १९८२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि आर्चबिशप रॉबर्ट रन्सी यांनी हौतात्म्याच्या त्या स्थळी एकत्र गुडघे टेकले. जेथे परमगुरूंनी गुडघे टेकले, त्या जागेविषयी आपण हात झटकावेत काय?

१९८८ मध्ये युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तिचे दगड जपले जातील. प्रार्थनेची राखण मात्र कोणत्याही यादीवर सोपविता येत नाही. तेथे पर्यटकाला तिकीट लागते, प्रार्थनेला येणाऱ्याला लागत नाही. तरीही कोणत्या रांगेत अधिक माणसे असतात, हे वाचकांनीच ताडावे.

म्हणून निषेध करणाऱ्यांनाही माझा एक प्रश्न आहे. नाचाच्या रात्री दाराशी उभे राहणे योग्यच. पण एरवीच्या साध्या संध्याकाळी, पाऊस पडत असताना, आतील बाकावर कोण बसते? बाके रिकामी ठेवणाऱ्यांनी मंडप भाड्याने गेल्याचे दुःख कोणत्या तोंडाने करावे? हा प्रश्न कँटरबरीपुरता आहे, असे समजून कोणी निश्चिंत राहू नये.