बालकांचे व्याधिक्षमत्व आणि एच.आय.व्ही.

न्हावरे, शिरूर व दौंड परिसरात वारंवार आजारी पडणारे, वजन न वाढणारे मूल अनेकदा प्रथम वैद्याकडे किंवा औषधी दुकानात आणले जाते. ‘मुलाची प्रतिकारशक्ती वाढवा’, एवढीच पालकांची मागणी असते. अशा वेळी सुवर्णप्राशन वा एखादा रसायनकल्प देऊन थांबणे पुरेसे आहे काय, याचा विचार आपण केला पाहिजे.

सर्वच शरीरे व्याधिक्षमत्वास समर्थ नसतात, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानात सांगितले आहे. एच.आय.व्ही. बाधित अर्भक हे त्याचे ठळक उदाहरण होय. प्रौढास बाधा झाल्यावर सीडी-८ पेशी काही आठवड्यांत विषाणूंचे रक्तातील प्रमाण बरेच खाली आणतात. अर्भकाच्या पेशीही प्रतिसाद देतात; परंतु तो दुर्बळ असतो व विषाणूंचे प्रमाण दीर्घकाळ चढेच राहते. उपचाराविना अशा बालकांपैकी सुमारे निम्मी दुसऱ्या वाढदिवसापूर्वी दगावतात. शिवाय हा विषाणू उद्दीपित सीडी-४ पेशींतच अधिक जोमाने वाढतो. म्हणून पेशींना चालना देणे म्हणजे क्षमत्व वाढविणे, हे समीकरण येथे लागू पडत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निदान होताच एआरटी सुरू केल्याने अर्भकांचे मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले. येथे विलंब हाच मोठा शत्रू आहे.

निदानातील एक बारकावाही ध्यानी घ्यावा. मातेची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे त्या वयापूर्वी केवळ प्रतिपिंड-चाचणीवरून बाधा निश्चित होत नाही. त्यासाठी सहाव्या आठवड्यापासून पीसीआर चाचणी करतात. पाच वर्षांखालील मुलांत सीडी-४ पेशींच्या संख्येपेक्षा टक्केवारी अधिक विश्वसनीय ठरते.

भारतात २००४ पासून शासकीय केंद्रांत एआरटी मोफत मिळते. तेव्हा दीर्घ ज्वर, पुनःपुन्हा अतिसार, तोंडातील न हटणारी बुरशी किंवा क्षय दिसताच मातापित्यांना विश्वासात घेऊन, गोपनीयता राखून तपासणी केंद्राकडे पाठवावे. औषधविक्रेत्यांनीही ‘एड्सवर खात्रीशीर’ अशा कल्पांना दुकानात थारा देऊ नये. पथ्य, पोषण व अग्निरक्षण यांत आपले साहाय्य मोलाचे आहेच. पण ते एआरटीच्या जोडीला, तेथील चिकित्सकास कळवून द्यावे. वेळीच योग्य ठिकाणी पाठविणे हीदेखील चिकित्साच होय, आणि तिने शास्त्राची प्रतिष्ठा वाढते.