पाटल्या वाचल्या!

खापरखेड्याला, वीजकेंद्राच्या चिमण्या अंगणातून दिसतात अशा जागी, आमच्या भाच्याचा लहानसा कारखाना आहे. दोन लेथ, एक ड्रिल, चार कामगार. यंदा गणपतीत गेलो, तर ताईचा चेहरा उतरलेला. माल वेळेवर मिळेना म्हणून जुने गिऱ्हाईक तुटायच्या बेतात, आणि चिरंजीव तिसऱ्या लेथसाठी आईच्या पाटल्या गहाण टाकायला निघालेले!

"मामा, बारा दिवसांच्या आत काम निघतच नाही. यंत्रं कमी पडतात."

मला यंत्रातले काय कळणार? पण पेन्शनराजवळ घड्याळ असते आणि वेळही असतो. एका बुशावर खडूची खूण केली आणि त्याच्यावर पाळत ठेवली. हिशेब काय निघाला म्हणता? लेथवर २० मिनिटे, ड्रिलवर ५, घासायला १०. बारा दिवसांत काम अवघे ३५ मिनिटांचे! उरलेला सारा वेळ स्वारी टोपलीत बसून. लेथवर दुसरे काम लावायला दोन तास लागत. म्हणून एकदा लावले की ५० नग काढायचे, आणि पन्नासावा होईपर्यंत पहिल्याने वाट पाहायची.

ते दोन तास तरी कशात जात? यंत्र थांबवायचे, मग पाना शोधायचा, मग हत्याराला धार लावायची.

"अरे, तवा तापल्यावर कणीक भिजवायला कोण बसतं?" ताई म्हणाली.

जपानच्या शिगेओ शिंगोंचे म्हणणे तरी दुसरे काय होते? १९६९ साली टोयोटाच्या कारखान्यात हजार टनी प्रेसचा साचा बदलायला चार तास लागत. त्यांनी ते आधी दीड तासावर आणले, पुढे तीन मिनिटांवर. यंत्र चालू असताना होण्यासारखी तयारी यंत्र थांबवून करायची नाही, ही त्यातली मुख्य युक्ती.

भाचा आदल्या संध्याकाळीच हत्यारे मांडून ठेवू लागला. दोन तासांचा अर्धा तास झाला, टोपली दहाच नगांची झाली. दसऱ्यापर्यंत बारा दिवसांचे पाच झाले. नवे यंत्र आले नाही, आणि गिऱ्हाईकही गेले नाही.

समोरच्या केंद्रातली वीज झाली की लगेच वापरावी लागते. तिला टोपली ठाऊक नाही. बुशाला इतकी घाई नको. पण लक्ष्मीपूजनाला पाटल्या ताईच्या हातातच असतील, एवढी घाई पुरे झाली!