उंबऱ्यावरचा उजेड आणि पडद्यावरचा रंग

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट. आळ्याच्या आमच्या दुकानातून ओतूरच्या एका जुन्या घराण्याला मुलीच्या साखरपुड्यासाठी मोरपंखी रेशमी साडी पाठविली. निवड छायाचित्रावरून झाली होती. पुतण्याने नव्या कॅमेऱ्याने टिपलेले ते छायाचित्र मुलीने पुण्यात बसून आपल्या मोबाइलवर पाहिले आणि पसंत केले. दुसऱ्याच दिवशी साडी परत आली व सोबत तिच्या मातोश्रींचे एक वाक्य आले : "शेठ, तुम्ही निळी दाखवलीत आणि हिरवी पाठवलीत." तीन पिढ्यांच्या व्यवहारात त्या घराकडून ऐकावा लागलेला हा पहिला बोल. रक्कम आम्ही तत्काळ परत केली. बोल मात्र परत करता येत नव्हता.

आमचे आजोबा गिऱ्हाइकाने वस्त्र पसंत केल्यानंतरही ते हातावर घेऊन उंबऱ्यापाशी जात आणि म्हणत, "एकदा उजेडात पाहा, मगच बोला." रंग हा एकट्या कापडाचा नसतो, त्यावर पडणाऱ्या उजेडाचाही असतो, हे त्यांना पुस्तकावाचून ठाऊक होते. मॅचिंग सेंटरमध्ये ट्यूबखाली तंतोतंत जुळलेले ब्लाउजपीस घराच्या अंगणात वेगळेच दिसते, हा अनुभव आपल्या भगिनींना नवा नाही. दोन कापडांतील रंगद्रव्ये निराळी असली, तर एका उजेडात ती सारखी भासतात आणि दुसऱ्या उजेडात फारकत घेतात.

आमच्या साडीचे काय झाले, याचा माग मी पुतण्याला शेजारी बसवून काढला. दुकानात पिवळे दिवे लागलेले होते, साडी मात्र दाराजवळ टांगलेली, म्हणजे तिच्यावर दिवसाचा उजेड. पिवळ्या दिव्याचा उजेड सुमारे 2700 केल्व्हिनचा आणि दुपारच्या उन्हाचा सुमारे 5500 चा मानतात. कॅमेऱ्याने आपणहून दिव्यांचा पिवळेपणा काढून टाकण्याचे ठरविले, आणि उन्हातल्या साडीवर तो हिशेब निळाई होऊन बसला. रात्री पुतण्याने लॅपटॉपवर छायाचित्र नीट केले तेव्हा डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडदा पिवळसर करणारी सोय चालू होती. त्या पिवळट पडद्यावर ती निळाई त्याला दिसलीच नाही. लबाडी कोणाचीही नव्हती. कॅमेऱ्याने व पडद्याने आपापल्या परीने मदतच केली होती!

त्यात मोरपंखी हा रंगच अवघड. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला, की पदर हलताच रंग हलतो. शिवाय संगणकावर सर्वत्र चालणारे एसआरजीबी हे जे रंगमाप आहे, त्याच्या कक्षेत गडद हिरवा-निळा पुरता मावत नाही. हे माप 1996 साली दोन मोठ्या संगणक कंपन्यांनी सुचविले आणि 1999 मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. अडोबी आरजीबी नावाचे दुसरे माप अधिक विस्तृत आहे, आणि पुतण्याचा कॅमेरा नेमका त्यावर लावलेला होता. छायाचित्रात रंग म्हणजे केवळ आकडे असतात; ते कोणत्या मापातले, हे सांगणारी चिठ्ठी म्हणजे प्रोफाइल. ती गळून पडली, तर समोरचा संगणक आकडे आपल्याच मापाने वाचतो आणि रंग फिके पडतात. कापड-व्यापाऱ्याला हे समजावून सांगावे लागू नये : 'दहा' असे लिहून दिले आणि गज की मीटर ते लिहिले नाही, तर भांडण ठरलेले.

आता आमची रीत बदलली आहे. छायाचित्र ओसरीच्या सावलीत, सकाळच्या उजेडात, दुकानाचे दिवे मालवून काढतो. पहिल्या छायाचित्रात साडीवर एक करडे कार्ड ठेवतो, लाइटरूममध्ये त्या करड्यावर टिचकी मारून उजेडाचा हिशेब पक्का करतो आणि तोच त्या बैठकीतील सर्व छायाचित्रांना लावतो. बाहेर पाठवायची प्रत एसआरजीबीमध्येच निघते. जर नीट दिसावी म्हणून एक छायाचित्र तिरप्या कोनातून घेतो, कारण समोरून ती आरशासारखी चमकते किंवा पार काळवंडते.

पडद्यासाठी रंग मोजणारे एक छोटे उपकरण घेतले. ते पडद्यावर टेकवून ठेवायचे. ते एकेक रंग मोजते, पांढरा 6500 केल्व्हिनला आणून बसवते आणि त्या पडद्याचे प्रोफाइल तयार करते. दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर आपण दरवर्षी शिक्का मारून घेतो. पडदा तर महिन्या-दोन महिन्यांत ढळतो. उपकरणाची किंमत ऐकून धाकटे बंधू प्रथम नाराज झाले. मी त्यांना ओतूरच्या साडीची आठवण करून दिली.

इतके करूनही गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर आपला शिक्का चालत नाही. कोणाचा पडदा भडक रंगांवर लावलेला, कोणाचा रात्री पिवळा होणारा. म्हणून प्रत्येक साडीशेजारी पांढरा कागद ठेवून छायाचित्र घेतो (कागद पांढरा दिसला नाही तर रंगावरही विश्वास ठेवू नये) आणि खाली शब्दांत लिहितो : 'मोरपंखी, हिरव्याकडे झुकणारा'. लग्नकार्याची वस्त्रे मात्र निव्वळ छायाचित्रावर विकायची नाहीत, असे ठरविले आहे. जवळच्या गावी दोन-तीन साड्या पाठवितो आणि नको त्या परत आणवितो.

फाल्गुनात ओतूरहून फोन आला. लग्नाचा शालू हवा होता, पण "फोटो नको, आम्हीच येतो," असे मातोश्री म्हणाल्या. मायलेकी आल्या. मी काही बोलण्यापूर्वीच मुलगी शालू घेऊन उंबऱ्यापाशी गेली. दोन नापसंत केले, तिसरा डाळिंबी घेतला. मग नियोजित सासूबाईंना दाखवायला तिने आपल्या मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढले. त्यात तो चक्क गुलाबी दिसत होता. पुतण्या धावत कार्ड घेऊन आला.