श्रेय कुणाचं?



१९६७ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या 'फ्लीटवुड मॅक' या रॉक बँडच्या यशाचं श्रेय कुणाचं, यावर चाहते आजही हिरिरीने भांडतात. कुणी संस्थापक पीटर ग्रीनचं नाव घेतं, कुणी लिंडसे बकिंगहॅमचं. मला प्रश्न पडतो, यात बायका कुठे आहेत? १९७७ च्या 'रूमर्स' या सर्वांत गाजलेल्या अल्बममधल्या ११ गाण्यांपैकी ७ दोघींची: ४ क्रिस्टीन मॅकव्हीची, ३ स्टीव्ही निक्सची. बकिंगहॅमची ३, उरलेलं एक पाचही जणांचं. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं बँडचं एकमेव गाणं, 'ड्रीम्स', स्टीव्हीचं. तरी तिच्याबद्दल बोलणं निघतं ते प्रेमप्रकरणांचं आणि शालींचं. क्रिस्टीनचं नाव तर उशिराच निघतं.

बकिंगहॅमने ही गाणी मेहनतीने सजवली, हे नाकारायचं कारण नाही. पण त्याने केली ती 'निर्मिती' आणि तिने लिहिलं ते फक्त 'मन मोकळं करणं', ही वाटणी आपल्या चांगल्या ओळखीची आहे. वस्तीत काम करताना मी ती नेहमी पाहते. पापड ती लाटते, धंदा मात्र त्याचा! श्रेय वाटण्याआधी काम मोजायची सवय आपण लावून घेऊया.