उभ्या गाडीचे तेलही शिळे होते

श्रावण सरत आला की आपल्या बेळगावातील पुष्कळशा मराठी घरांतून कोकणातल्या मूळ गावी जाण्याची तयारी सुरू होते. गणपतीच्या आराशीचे सामान बांधले जाते आणि वर्षभर झाकून ठेवलेली जुनी मोटारही बाहेर निघते. चाकांत हवा भरली, काचा पुसल्या, पेट्रोल घातले की गाडी सज्ज झाली असे आपण मानतो. आम्हीही तसेच मानीत होतो.

आमची जुनी मारुती ८०० वर्षाकाठी हजार किलोमीटरही धावत नसे. एवढ्या कमी चालणाऱ्या गाडीला काय होणार, या समजुतीने चार वर्षे आम्ही तिच्या तेलपाण्याकडे पाहिलेच नव्हते. एका चतुर्थीला आंबोलीचा घाट उतरताना, वळणावळणाला ब्रेक दाबीत असता, पायाखालचे पेडल एकाएकी मऊ लागले आणि पुढच्या दाबाला थेट तळाशी गेले. मागे सौभाग्यवती व दोन नातवंडे बसलेली. गिअर खालचा घेतला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी कशीबशी डोंगराच्या अंगाला उभी केली. अर्ध्या तासाने पाहतो तो पेडल पूर्ववत कठीण! तरीही पुढे जाण्याचे धाडस न करता सावंतवाडीहून मिस्त्रींना तेथेच बोलावून घेतले. त्यांनी काळवंडलेले ब्रेक ऑइल दाखविले, तेव्हा दोष गाडीचा नसून आमचाच होता हे उमगले.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. आषाढात बरणीतले मीठ कसे ओलसर होते, हे गृहिणींना सांगावयास नको. तसेच येथेही घडते, आणि त्यासाठी गाडी चालावी लागत नाही. ‘डॉट ३’ प्रतीचे नवे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. परंतु त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात ब्रेक तापतात, तेल उकळते व त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दबते. म्हणून पायाचा जोर चाकांपर्यंत पोहोचतच नाही. गाडी निवाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि सारे ठीक असल्याचा भास होतो. यास्तव हे तेल दर दोन वर्षांनी, टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच व नव्याने फोडलेल्या डब्यातले, जाणत्या मिस्त्रींकडून बदलून घ्यावे आणि नळ्यांतील हवा काढून घ्यावी. पातळी खाली गेलेली दिसल्यास नुसती भर घालून स्वस्थ बसू नये. गळती किंवा ब्रेकची झीज आहे काय, ते पाहावे.

इंजिन ऑइलचेही असेच. बाजारापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि ओलावा तेलातच राहतो. म्हणून किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षातून एकदा फिल्टरसह तेल बदलावे. गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पट्टी पुसून पुन्हा बुडवावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. ते दुधाळ दिसले तर मिस्त्रींना अवश्य दाखवावे.

आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असे कित्येक जण विचारतात. त्याचे येथले काम म्हणजे गंज रोखणे व पाणी लवकर उकळू न देणे. नळाच्या पाण्यातील क्षार रेडिएटरमध्ये साचतात. तेव्हा डिस्टिल्ड पाणीच वापरावे आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीस कूलंट बदलावे. इंजिन गरम असता झाकण कदापि उघडू नये. कूलंट चवीला गोडसर पण विषारी असते. मुलांपासून व मांजरा-कुत्र्यांपासून ते दूर ठेवावे.

सर्वांत उपेक्षित ते गिअर ऑइल. कारण पुष्कळ गाड्यांत ते पाहण्यास पट्टीच नसते. ते बदलताना भरण्याचा बोल्ट आधी सैल करून मगच खालचा उघडावा. वरचा गंजून बसला असेल आणि तेल आधीच सांडून गेले असेल, तर गाडी जागची हलविता येत नाही.

काढलेले जुने तेल गटारात न ओतता गॅरेजमध्ये द्यावे आणि प्रत्येक बदलाची तारीख घरच्या वहीत टिपून ठेवावी. आम्ही आता नागपंचमीच्या सुमारास गाडी मिस्त्रींकडे नेतो. त्या दिवशीच्या घाटातील तो अर्धा तास आमच्या वाचकांपैकी कोणाच्याही वाट्यास न यावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.