आपणच हाकललेले जीव

2008 साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात राहणाऱ्या डेबी बोईस यांना फ्लोरिडातला एक बेवारस डॉबरमन कुत्रा घरी आणायचा होता. अंतर मोठे होते. टेनेसीतले वैमानिक जॉन वेहरेनबर्ग म्हणाले, माझ्या विमानातून मी आणून देतो. त्यातून ‘पायलट्स एन पॉज’ ही संस्था उभी राहिली आणि आज हजारो वैमानिक तिच्याशी जोडलेले आहेत. विमान स्वतःचे, इंधन स्वतःच्या खिशातले, सुट्टीचा दिवसही स्वतःचा. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या निवाऱ्यांत जागा संपली की जनावरांना इंजेक्शन देऊन मारतात. उत्तरेकडे मात्र अशाच कुत्र्यांना घर द्यायला कुटुंबे तयार असतात. मधले शेकडो मैल ही माणसे उडून पार करतात.

मध्यप्रदेशातल्या बोरगावात बसून हे वाचताना ऊर भरून येतो. पण त्या निवाऱ्यात ते कुत्रे पोचले कसे, हेही विचारले पाहिजे. कुणीतरी त्याला आणले, कंटाळा आला, सोडून दिले. कुणीतरी मादीची नसबंदी केली नाही. तिथली काही माणसे बाकीच्यांच्या पापाचे प्रायश्चित्त घेत आहेत. पाप आपल्याकडेही तेवढेच आहे. प्रायश्चित्त घेणारे मात्र बोटांवर मोजण्याएवढे.

नागपूर–छिंदवाडा रस्त्यावर, कारखान्यांच्या फाटकांपाशी आणि ढाब्यांच्या मागे नीट पाहा. रस्त्यावरच जन्मलेले कुत्रे आणि घरातून आणून सोडलेले कुत्रे यांतला फरक लगेच कळतो. सोडलेल्याच्या गळ्याभोवती पट्ट्याने केस झिजलेले असतात. रस्त्यावरचे कुत्रे गाडीपासून लांब पळते. सोडलेले कुत्रे गाडीकडे धावते. दार उघडले की जवळ येते, उतरणाऱ्याचे तोंड पाहते, मागे सरकते आणि पुढच्या गाडीची वाट पाहत बसते. ज्या गाडीतून त्याला उतरवले, तशी गाडी दिसली की भर रस्त्यात जाते. कित्येकांचा शेवट तिथेच होतो. गाडी चालवणारा ब्रेकही न लावता निघून जातो आणि गावातला माणूस म्हणतो, कुत्रंच होतं.

सोडणारे कोण? उपाशी माणसे नव्हेत. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो हे ठाऊक असूनही हस्की आणि सेंट बर्नार्ड विकत घेणारी ही घरे आहेत. लेकराच्या वाढदिवसाला पिल्लू आणायचे, फोटो काढायचे, आणि ते आजारी पडले, म्हातारे झाले किंवा बदली झाली की शहराच्या हद्दीबाहेर नेऊन उतरवायचे. दिल्लीच्या रस्त्यांवरची लंगडी, आंधळी देशी कुत्री विमानाने कॅनडा-अमेरिकेत गेली, तिथल्या घरांत रमली. आपल्या दाराशी त्यांना जागा नव्हती, कारण त्यांना जात नव्हती. माणसांत जात पाहायची सवय आपण कुत्र्यांपर्यंत नेली आहे.

खेड्याचा हातही स्वच्छ नाही. कुत्री व्याली की नर पिल्ले राखायला ठेवतात आणि मादी पिल्ले पोत्यात भरून दुसऱ्या गावच्या शिवेवर टाकून येतात. डोळेही न उघडलेली पिल्ले. मादी म्हणजे पुढची कटकट, एवढाच हिशोब. हा हिशोब या समाजाने आणखी कुणाच्या बाबतीत लावला, ते सांगायला नको.

प्राण्याला बेवारस टाकणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान दहा, जास्तीत जास्त पन्नास रुपये. तो दंड आजही तोच आहे. एका जिवाच्या विश्वासघाताची किंमत आपल्या संसदेने चहा-नाश्त्याएवढी ठेवली आणि साठ वर्षांत ती वाढवावी म्हणून आपण रस्त्यावर उतरलो नाही.

आणि बैल? या मुलखात गवळाऊ जातीची जनावरे पिढ्यान्‌पिढ्या राबली. खांदेमळणीच्या संध्याकाळी खांद्याला तूप-हळद चोळायची, जेवणाचे आवतण द्यायचे, पोळ्याला बेगड लावायची, झूल चढवायची, पुरणपोळी भरवायची. वर्षभरानंतर ट्रॅक्टर आला, बैलाचे दात पडले, की त्याच खांद्यावर काठी मारून त्याला रात्री महामार्गावर सोडायचे. मध्यप्रदेशात 2004 पासून गोवंशवधबंदीचा कडक कायदा आहे. तो करताना म्हाताऱ्या जनावराला मरेपर्यंत खाऊ कोण घालणार, याचे उत्तर आपण दिले नाही. 2019 च्या पशुगणनेत देशात पन्नास लाखांवर मोकाट गुरे आणि दीड कोटीवर भटकी कुत्री मोजली गेली. कर्जात बुडालेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला मी एकट्याला दोषी धरणार नाही. दोष त्यांचा, जे गोमातेच्या नावाने सभा गाजवतात आणि ज्यांच्या अंगणात एक भाकड गाय दिसत नाही.

पैसा नाही, साधने नाहीत, ही सबब मला मान्य नाही. 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियाहून आठ चित्ते घेऊन खास बोइंग विमान याच राज्यात, ग्वाल्हेरला उतरले. पुढे हेलिकॉप्टरने ते कुनो राष्ट्रीय उद्यानात गेले. पाच महिन्यांनी दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा चित्ते हवाई दलाच्या विमानाने आले. माणसाने ज्यांची शिकार करून देशातून नाव पुसले, त्यांना परत आणले याचा मला आनंद आहे. म्हणजे मनात आले तर आपण समुद्रापलीकडून जनावर आणू शकतो. दारातले कुत्रे तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत नेण्याएवढे मनात येत नाही, हे खरे दुखणे आहे.

ज्या 2023 साली आपल्याला पांढुर्णा जिल्हा मिळाला, त्याच साली केंद्राचे प्राणी जन्म नियंत्रण नियमही आले. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे आणि, काही अपवाद सोडले तर, कुत्रे जिथून उचलले तिथेच परत सोडायचे आहे. रात्री गाडी भरून ते शेजारच्या गावात ओतणे हा उपाय नाही. तिथे लस न घेतलेले कुत्रे एखाद्या शाळकरी पोराला चावले, तर त्या पोराचे रक्त कुणाच्या माथी? ग्रामसभेत नाल्यांवर तास-तास भांडणाऱ्यांनी हा प्रश्न किती वेळा काढला?

गाडगेबाबांनी कीर्तनांतून जत्रेतल्या पशुबळीविरुद्ध लोकांना झोडपले. त्यांचे फोटो आपण भिंतीवर लावले आणि बळी देण्याची जागा तेवढी बदलली: देवळापुढून रस्त्यावर.

येत्या पोळ्याला गावाने एवढे करावे. तोरणाखाली बैल उभे राहिले की, पूजेआधी, पाटलाने प्रत्येक घराला सगळ्यांसमक्ष विचारावे: मागच्या पोळ्याला तुझा जो बैल इथे उभा होता, तो आज कुठे आहे? आणि ज्याला उत्तर देता येणार नाही, त्याने त्या दिवशी आरतीचे ताट हातात घेऊ नये.